आल्काँच्या व्हेरिएशन्स रेकॉर्ड करताय? आधी एवढं सांभाळा

रेकॉर्डिंगसाठी आल्काँसारख्या दुर्लक्षित फ्रेंच संगीतकाराची ‘ले फेस्तँ देझोप’ (ऑप. 39, क्र. 12) ही पियानोरचना निवडलीत, फार छान! पण तिच्यातल्या 25 व्हेरिएशन्स (एकाच धुनेची बदलती रूपं) एकेक सुट्या रेकॉर्ड करू नका. नवशिके इथेच फसतात. जोडताना आधीच्या पेडलची आस (रेंगाळणारा नाद) मध्येच तुटते आणि ते कानाला लगेच खटकतं. चार-पाचांचा गट करा, आणि प्रत्येक टेक (एका दमातलं रेकॉर्डिंग) मागच्या व्हेरिएशनच्या शेवटच्या दोन बारपासून (तालाच्या खंडांपासून) सुरू करा.

- पियानो त्याच दिवशी ट्यून करून घ्या. जोरकस भागांनंतर सूर पुन्हा तपासा.
- झाकण पूर्ण उघडं, माइक दीड-दोन मीटरवर. स्टँडच्या जागी जमिनीवर टेपच्या खुणा करा.
- सर्वांत दणदणीत भाग वाजवून रेकॉर्डिंगची लेव्हल −6 डीबीच्या (डेसिबलच्या) खाली ठेवा. मग गेनला (माइकचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाला) हात लावू नका.

रिव्हर्ब (घुमारा), कंप्रेसर (आवाजातले चढ-उतार कमी करणारं साधन) नंतर बघू.