ड्रॅगला आणि रोजच्या ये-जा करायला एकच टायर? व्हर्टसवाल्या भाऊंना उत्तर

भाऊ, नंतर वाचणाऱ्याला संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुमची फोक्सवॅगन व्हर्टस 1.5 मॅन्युअल, वरून रिमॅप केलेली, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली. रोज नाशिकचं इंदिरानगर ते सिन्नर एमआयडीसी. वर्षातून दोन-तीनदा ड्रॅगला (उभ्या गाडीने सुटून सरळ 402 मीटर पळायच्या शर्यतीला) जायची हौस. पहिल्या गिअरला चाकं जागेवरच फिरतात, दुसऱ्यालाही थोडी. म्हणून परदेशातून सेमी-स्लिक (शर्यतीचे, मोजक्या खाचांचे, चिकट रबराचे टायर) मागवायचे, चारही चाकांना घालायचे आणि तेच रोज वापरायचे, असा बेत आहे.

नका घालू. कारण ऐका, कारण हा उद्योग मी स्वतः करून बसलोय.

माझ्याकडे जुनी हॅचबॅक होती तेव्हाची गोष्ट. मित्रांच्या नादाने सेमी-स्लिक घेतले. मार्च ते मे काय सांगू, गाडी रस्त्याला चिकटलेली! चाळिशीतलं नाशिकचं ऊन, तापलेलं डांबर, आणि मी गल्लीतला राजा. मग जुलै आला. त्र्यंबक रोडला आंजनेरीच्या अलीकडे रस्त्यावरून पाणी वाहत होतं, वेग 70 च्या आसपास. स्टिअरिंग एकदम हलकं झालं, जणू हातात काही उरलंच नाही. पुढच्या क्षणी गाडीचं तोंड नाशिककडे आणि मागची चाकं कडेच्या चिखलात. समोरून बस आली नाही म्हणून हे लिहितोय. ट्रॅक्टरवाल्याने ओढून काढलं आणि टायरकडे बघून म्हणाला, "दादा, हे तर झिजलेत पार." तेव्हा ते टायर नवे होते!

त्याचं चुकलं नव्हतं. सेमी-स्लिकला खाचा मोजक्याच असतात, कारण रबर जास्तीत जास्त रस्त्याला टेकावं हाच त्यांचा उद्देश. पण पावसात खाच म्हणजे पाणी बाहेर काढणारी गटार. गटारच नसेल तर टायर पाण्यावर तरंगतो. विमानाच्या टायरवर नासाने केलेल्या अभ्यासातून एक ढोबळ नियम निघाला आहे: हवेच्या दाबाचं (पीएसआयमध्ये) वर्गमूळ काढा, 9 ने गुणा, म्हणजे खाचा नसलेला टायर साचलेल्या पाण्यावर किती नॉट वेगाला (1 नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर) तरंगू लागेल ते कळतं. 33 पीएसआयला उत्तर येतं ताशी 96 किलोमीटर, 25 ला येतं 83. गाडीच्या टायरला हे आकडे तंतोतंत लागू होत नाहीत, रुंद टायर तर त्याच्याही आधी तरंगतो (मी 70 लाच गेलो होतो). पण दिशा लक्षात घ्या. हवा कमी केली की तरंगायचा वेग खाली येतो, आणि ड्रॅगला आपण नेमकी हवाच कमी करतो. ड्रॅगहून परतताना कसाऱ्याला किंवा इगतपुरीला पाऊस लागला आणि हवा भरायची राहून गेली असेल, तर काय होईल ते तुम्हीच बघा.

आता मुद्द्याचं. तुमची गाडी पुढच्या चाकांवर चालते. उभी असताना साधारण 60 टक्के वजन पुढे असतं. क्लच सोडला की गाडी मागे बसते आणि पुढची चाकं हलकी होतात. व्हर्टसचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) 2651 मिलिमीटर. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटरभर वर धरला, तर जोरदार सुटताना आणखी 8 टक्के वजन मागे सरकतं. म्हणजे ओढायचं काम ज्या चाकांकडे, तीच ऐन वेळी हलकी. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं याच्या उलट असतं, म्हणून अमेरिकन व्हिडिओ बघून त्यांचे ड्रॅग रेडिअल मनात भरवू नका. ते टायर ताकद मागे टाकणाऱ्या गाड्यांसाठी आणि चिकट लेप दिलेल्या पट्ट्यांसाठी बनलेले आहेत. आपल्याकडे बहुतेक वेळा धावपट्टीवर पळतो. अँबी व्हॅलीची धावपट्टी घ्या किंवा दुसरी कुठलीही, वाऱ्याने आलेली धूळ आणि बारीक खडी असतेच. तिथे त्या महाग रबराचा अर्धाच फायदा हाती लागतो.

पण पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा एक मोठा फायदाही यातच आहे आणि तो फारसं कोणी सांगत नाही: तुम्हाला चिकट टायर दोनच लागतात. मागच्यांना ड्रॅगमध्ये फक्त गडगडत यायचं आहे. म्हणून माझा सल्ला असा. रोजसाठी चार चांगले रस्त्याचे टायर ठेवा. ड्रॅगसाठी वेगळे दोन रिम आणि त्यावर दोन सेमी-स्लिक घ्या, तेही खरंच गरज पडली तरच. डिकीत दोन चाकं, जॅक, टॉर्क पाना. मैदानावर पोहोचायचं, पुढची दोन बदलायची, पळायचं, परत बदलायचं आणि घरी.

तुम्ही म्हणाल, हे महाग पडेल. हिशोब करा. इंदिरानगर ते सिन्नर जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर, म्हणजे वर्षाला सहज 15000. माझे सेमी-स्लिक 11000 किलोमीटरमध्ये संपले. चारही घातले असते तर तुमचा एक जोड वर्षही टिकणार नाही. आणि टिकतो तेवढ्या काळातही रबर रोजच्या तापण्या-गार होण्याने कडक होत जातं. म्हणजे ड्रॅगच्या दिवशी नक्षी शिल्लक असेल पण चिकटपणा कधीच गेलेला असेल. खाचेवर बोट फिरवून हे कळत नाही, वेळ लावल्यावर कळतं.

टायरच्या बाजूला ‘ट्रेडवेअर’ म्हणून, टायर किती टिकेल याचा, आकडा असतो, तो बघायला शिका. अमेरिकेत टेक्सासच्या रस्त्यावर 7200 मैल चालवून संदर्भ टायरशी तुलना करतात आणि संदर्भाला 100 धरतात. टोयोच्या आर888आर वर 100 आहे, साध्या टूरिंग टायरवर 300 ते 500. पण हा आकडा कंपनी स्वतःच ठरवते. त्यामुळे एका कंपनीचा 300 आणि दुसऱ्या कंपनीचा 340 अशी तुलना करत बसू नका. 100 आणि 400 मधला फरक मात्र खरा असतो.

आता मापाचा घोळ. मूळ माप 205/55 आर 16 (रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत), व्यास 632 मिलिमीटर. कोणीतरी तुम्हाला 205/50 आर 15 सुचवलंय, ‘हलकं रिम, झटपट पिकअप’ म्हणून. त्याचा व्यास 586. म्हणजे 7 टक्के लहान चाक. लहान चाक म्हणजे रस्त्यावर पडणारा जोर आणखी वाढला. तुमची अडचण जोर कमी पडण्याची आहे की जास्त होण्याची? शिवाय गाडी 23 मिलिमीटरने खाली बसेल, आणि आपले गतिरोधक तर तुम्हाला माहीतच आहेत. हे फक्त पुढे घातलं तर पुढची-मागची चाकं वेगवेगळ्या गतीने फिरतील आणि एबीएस-ईएससीला (घसरण रोखणाऱ्या यंत्रणांना) वाटेल की काहीतरी घसरतंय. त्याऐवजी 225/50 आर 16 बघा, व्यास 631, म्हणजे जवळपास तोच. रुंदी वाढल्याने आतल्या बाजूला कुठे घासत नाही ना, हे स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून तपासा. रिम 5x100 पीसीडीचं (5 बोल्ट, त्यांच्या वर्तुळाचा व्यास 100 मिलिमीटर) लागेल, मधलं भोक 57.1. पोलोचंही हेच गणित, त्यामुळे जुनी रिम मिळायला अडचण नाही. मात्र ऑफसेट (रिम किती आत किंवा बाहेर बसतं ते) वेगळा असतो, बसवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

बाहेरून मागवण्याबद्दल. जून 2020 पासून टायरच्या आयातीवर निर्बंध आहेत, परवाना लागतो, आणि रस्त्यावर वापरायच्या टायरवर आयएसआयची खूण हवी. त्यामुळे ‘माझ्याकडे पडून आहेत’ म्हणणाऱ्याकडचा माल पुष्कळदा जुना निघतो. बाजूला चार आकडी शिक्का असतो. 2319 असेल तर 2019 सालातला 23 वा आठवडा. मऊ रबराचा पाच-सहा वर्षं गोदामात पडलेला टायर मला फुकट दिला तरी नको. आणि ‘नॉट फॉर हायवे यूज’ असं छापलेला असेल तर तो रोजच्या रस्त्यावर घालायचा विषयच संपला.

पण यातलं काहीही विकत घेण्याआधी एक काम करा. आत्ता गाडीला जे टायर आहेत त्यांच्यावरच एकदा नीट पळून या. वेळेच्या चिठ्ठीत दोन गोष्टी वाचा. पहिल्या 60 फुटांची (18 मीटर) वेळ ग्रिपची गोष्ट सांगते, आणि 402 मीटरच्या टोकाचा वेग ताकदीची. टोकाचा वेग चांगला पण 60 फूट खराब, म्हणजे सुटताना वाया जातंय. दोन्ही खराब असतील तर टायरला दोष देऊ नका, रिमॅपवाल्याकडे जा.

सुटण्याची माझी पद्धत अशी. रस्त्याच्या टायरमध्ये पुढे 27-28 पीएसआय. त्याखाली गेलात तर मधला भाग उचलला जातो आणि कडाच टेकतात. सेमी-स्लिक असेल तर 24 पर्यंत चालतं. मागे 38-40 भरा, पण टायरवर छापलेल्या कमाल दाबाच्या आत. मागे टणक हवा असली की गाडी कमी बसते आणि चाक हलकं गडगडतं. स्टेपनी, जॅक, डिकीतला पसारा सगळा खाली उतरवा. रस्त्याच्या टायरला पाण्यात भिजवून लांबलचक धूर काढू नका. जाड नक्षीचं रबर जास्त तापलं की चिकट व्हायच्या ऐवजी लोण्यासारखं होतं. कोरड्यात दोन सेकंद फिरवून खडी-धूळ झटकली की पुरे. आणि या इंजिनाचा 250 न्यूटन मीटर टॉर्क 1600 आरपीएमलाच पूर्ण मिळतो, रिमॅपनंतर तर त्याहून जास्त. मग 5000 ला नेऊन क्लच सोडायची हौस कशाला? 2200-2500 ला सोडा, चाक किंचित फिरू द्या आणि पायाने सांभाळा. माझ्या ओळखीतल्या दोघा-तिघांची वेळ नुसत्या एवढ्याने सुधारली आहे, एक रुपया न घालता. चाक थडथडायला लागलं तर लगेच पाय काढा, नाहीतर ड्राइव्ह शाफ्ट हातात येईल. चिकट टायरने ही भीती वाढते, कारण चाक फिरलं नाही की सगळा झटका शाफ्ट आणि क्लचला बसतो.

हा सराव गंगापूर रोडला किंवा समृद्धीवर करायचा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 पर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. कायदा राहू द्या बाजूला, रात्री 11 ला पिंपळगावहून द्राक्षाची गाडी वळून येते तेव्हा तिला तुमचा 60 फूट दिसत नाही.

रोजसाठी काय घ्यायचं, तर 205/55 आर 16 मध्ये चांगल्या स्पोर्ट वळणाचे समर टायर. मिशेलिन पायलट स्पोर्ट, योकोहामा अॅडव्हान, व्रेडेस्टाइन अल्ट्रॅक (2009 पासून हे अपोलोचंच) यांतला जो ताज्या तारखेचा मिळेल तो. ओल्यात ब्रेक चांगले आणि बाजू टूरिंग टायरपेक्षा टणक. सातपूरला सिएटचा कारखाना आहे म्हणून मला गावाचा अभिमान आहे, आईच्या गाडीला तेच आहेत, पण तुमच्या कामासाठी मी वरच्यांतलाच घेईन. टायरवरचा कमाल भाराचा आकडा आणि वेगाचं अक्षर मूळ टायरपेक्षा कमी नको. कायद्याने 1.6 मिलिमीटर खाच चालते, पण आपल्या पावसात मी 3 ला बदलतो. समृद्धीच्या काँक्रीटवर तासभर 120 ने जाणार असाल तर निघण्याआधी गार टायरमध्ये हवा बघा.

शेवटचं, चाकं बदलण्याबद्दल. या गाडीला नट नसतात, बोल्ट असतात. एका भोकात गाइड पिन लावली तर चाक अडकवायला सोपं जातं. टॉर्क 120 न्यूटन मीटर, आणि परतीच्या वाटेवर पन्नासेक किलोमीटरनंतर थांबून पुन्हा एकदा पाना लावा. मी लोणावळ्याला चहासाठी थांबतो तेव्हा हेच करतो. मागच्या वेळी एक बोल्ट पाव फेरी फिरला होता.