भीती सुईची की डॉक्टरांची?

"मॅडम, दोन बाळंतपणं झाली, कधी हूं की चूं केलं नाही. पण दातांच्या दवाखान्याची पायरी चढवत नाही. मी एवढी भित्री कशी?"

हा प्रश्न मला नेहमी येतो, पुरुषांकडूनही. विचारणाऱ्या ताई अमळनेर तालुक्यातल्या. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. उजवीकडची दाढ किडलेली. कळण्याची भाकरी आमटीत कुस्करून डाव्या बाजूने खायची, ठणका लागला की लवंग दाबून धरायची, अगदीच असह्य झालं तर मेडिकलमधून गोळी.

दातांच्या उपचारांची भीती किती आहे हे पाहायला कोराह या संशोधकांची १९६९ सालची प्रश्नावली आहे. चारच प्रश्न, गुण ४ ते २०. १५ किंवा जास्त आले तर भीती तीव्र. ताई त्याच्याही पुढे होत्या. पण भीती किती हे कळलं तरी ती कशाची हे कळत नाही, आणि माझ्या मते खरं काम तिथेच असतं.

म्हणून दुसरी प्रश्नावली काढली. अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात तयार झालेली, मूळची १५ प्रश्नांची, प्रत्येकाला १ ते ५ गुण. यात रुग्णाला डॉक्टरांबद्दल काय वाटतं ते विचारतात. डॉक्टर नीट समजावून सांगतात का? कमीपणा वाटेल असं बोलतात का? दुखतंय म्हटलं तर खरं मानतात का? थांबा म्हटलं तर थांबतील का?

'खरं मानतात का' वाचलं आणि ताईंनी पेन खाली ठेवला. "माले दुखस, माले दुखस, सांगत होते मी. ते म्हणाले, इंजेक्शन दिलंय, नाटकं करू नका." डोळे भरून आले. घटना कित्येक वर्षांपूर्वीची.

मी त्यांना सांगितलं, दाढेची नस सुजलेली असली की भूल नीट चढत नाही. तुमचं दुखणं खरं होतं. हे त्यांना आजवर कुणीच सांगितलं नव्हतं!

मग त्यांच्या संमतीने दुसऱ्या एका डॉक्टरांशी बोलले. पहिल्या दिवशी फक्त तपासणी. पुढे काय करणार ते आधी सांगायचं. आणि डावा हात वर झाला की मशीन बंद, कारण विचारायचं नाही. रूट कॅनॉलच्या वेळी ताईंनी मुद्दाम, काही दुखत नसताना हात वर केला. डॉक्टर थांबले. त्यानंतर त्यांनी फारसा हात वर केलाच नाही.

उपचार संपल्यावर प्रश्नावली पुन्हा भरून घेतली. सुईची धास्ती बरीचशी तशीच होती. 'थांबा म्हटलं तर थांबतील' यावरचं उत्तर मात्र पार बदललं होतं.

तुमचंही असंच असेल तर नंबर लावतानाच सांगा: "मला भीती वाटते, आधी नुसतं बोलायला येते. मी हात वर केला तर थांबाल ना?" उत्तरात टाळाटाळ वाटली तर दुसरा दवाखाना बघा.