जंबोच्या डोक्यावरचं ते टेंगूळ आलं कुठनं?

प्रश्न : बोइंग ७४७ ला वरचा मजला फक्त पुढेच का? करायचाच होता तर एअरबस ए३८० सारखा शेपटीपर्यंत न्यायचा ना, अर्धवट का सोडला? (एक वाचक, मिरज)

उत्तर : अर्धवट सोडला नाही हो, मुळात ७४७ ला, म्हणजे आपल्या जंबोला, तो मजला करायचाच नव्हता! १९६० च्या दशकात सगळ्यांची खात्री झालेली की आता सुपरसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा वेगवान विमानं येणार, पॅसेंजर त्यात बसणार आणि बाकीची विमानं माल वाहायला उरणार. ब्रिटन-फ्रान्सच्या सुपरसॉनिक कॉन्कॉर्डचं काम चालूच होतं आणि बोइंगचं स्वतःचं सुपरसॉनिक २७०७ पण कागदावर होतं, त्यामुळे ७४७ चं डिझाइन करतानाच त्याच्या म्हातारपणाची सोय बघून ठेवली, की पुढे मालवाहू म्हणून चाललं पाहिजे. मग आले कंटेनर. आठ फूट रुंद, आठ फूट उंच असे दोन शेजारी-शेजारी मावावेत म्हणून केबिन आतून साधारण वीस फूट रुंद धरली आणि लांबडा माल समोरून सरळ आत ढकलता यावा म्हणून विमानाचं नाकच वर उचलायचं ठरलं. आता नाक उघडायचं तर पायलटला बसवणार कुठे? नाकातच बसवला तर दार उघडताना कॉकपिट, वायरी, केबल सगळंच उचलावं लागणार, आणि अपघातात मागचा माल पुढे आला तर पहिला चिरडणार तोच. म्हणून कॉकपिट मालाच्या डोक्यावर नेलं, आणि ते नुसतंच वर आलं तर हवा अडते म्हणून मागे उतार देत देत छताला मिळवलं. त्या उतारात जी पोकळी उरली तोच तुमचा वरचा मजला.

इंजिनियरांच्या डोक्यात होतं की इथे क्रूला आराम करायला जागा देऊ. पण पॅन ॲम या अमेरिकन एअरलाइनचे प्रमुख ह्वान ट्रिप प्लायवूडचं मॉडेल बघायला आले आणि म्हणाले, इथे पॅसेंजर बसणार. १९६६ मध्ये पहिल्या २५ विमानांची ५२.५ कोटी डॉलरची ऑर्डर त्यांचीच, त्यांना नाही कोण म्हणणार! मग गोल जिना आला, वर लाउंज आलं.

खरं तर ट्रिप यांना आधी तुमच्यासारखंच पूर्ण दोन मजली विमान हवं होतं. ७४७ चे चीफ इंजिनियर जो सटर यांनी ते मोडून काढलं, कारण इमर्जन्सीत ९० सेकंदांत सगळे बाहेर पडायला पाहिजेत, वरच्या मजल्यावरून इतकी माणसं उतरवणार कशी? त्यापेक्षा एकच मजला, पण रुंद. माझ्या मते सटर यांचा सगळ्यात मोठा निर्णय हाच. दोन वाटा आणि मध्ये सीट ही रचना इथूनच रुळली. आणि ज्या सुपरसॉनिकच्या धाकाने एवढा खटाटोप केला, ते २७०७ १९७१ मध्ये रद्दच झालं.

प्रश्न : एवढ्या उंचावर बसून पायलटला जमिनीवर वळायचं कसं कळायचं? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : त्याची प्रॅक्टिस घेतलेली. टेस्ट पायलट जॅक वॉडेल यांच्यासाठी ट्रकवर तीन मजली उंच मचाण बांधलं, त्याच्यावर नकली कॉकपिट ठेवलं आणि ते घेऊन फिरले, लोक त्याला वॉडेल्स वॅगन म्हणायचे. चाकं अठरा आहेत, नाकाखाली दोन आणि बाकीची सोळा पंख आणि पोटाखाली चार पायांवर वाटलेली, म्हणजे सव्वातीनशे टनांच्या आसपासचं ओझं रनवेवर पसरतं. ९ फेब्रुवारी १९६९ ला ते पहिल्यांदा उडालं.

प्रश्न : पहिलीच पॅसेंजर फ्लाइट लेट झाली होती म्हणे? (एक वाचक, गोवा)

उत्तर : हो. २१ जानेवारी १९७० च्या संध्याकाळी न्यूयॉर्कहून लंडनला निघायचं होतं, एक इंजिन गरम झालं, दुसरं विमान आणावं लागलं आणि निघेपर्यंत २२ तारीख उजाडली. प्रॅट अँड व्हिटनीच्या त्या सुरुवातीच्या इंजिनांनी सगळ्यांनाच जेरीस आणलेलं.

प्रश्न : एअर इंडियाच्या जंबोबद्दल सांगा ना, आमचे आजोबा अजून आठवण काढतात. (एक वाचक, वांद्रे)

उत्तर : पहिलं एप्रिल १९७१ मध्ये मुंबईत आलं, नाव एम्परर अशोका. प्रत्येक खिडकीभोवती बाहेरून लाल झरोका रंगवलेला, फोटो मिळाला तर नक्की बघा, इतकं देखणं विमान मला तरी दुसरं माहीत नाही. हेच विमान १ जानेवारी १९७८ ला रात्री टेकऑफनंतर लगेच तुमच्या वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं, २१३ माणसं गेली. विमान किती कललंय ते दाखवणारं कॅप्टनपुढचं यंत्र बिघडलेलं आणि खाली काळोखी समुद्र, त्यामुळे अंदाज पूर्ण चुकला. एअर इंडियाची उरलेली शेवटची जंबो एप्रिल २०२४ मध्ये मुंबईहून कायमची गेली.

प्रश्न : मग आता जंबो बंदच झालं का? (तेच वाचक, मिरज)

उत्तर : बनवणं बंद, उडणं नाही. चार इंजिनांना इंधन पण लागतं आणि मेंटेनन्स पण. १९८५ पासून दोन इंजिनवाल्यांना लांब समुद्रावरून जायची मुभा मिळत गेली, मग ७७७ सारखी विमानं आली आणि एअरलाइन्सचं गणित बदललं. शेवटचं, म्हणजे १५७४ वं ७४७ जानेवारी २०२३ मध्ये ॲटलस एअर या अमेरिकन माल वाहणाऱ्या कंपनीला दिलं, आणि ते मालवाहूच होतं. नाक उघडून माल भरणारी जंबो आजही भरपूर फिरतायत. पॅसेंजर म्हणून बसायचंच असेल तर लुफ्तान्झाकडे अजून आहेत, पण बुक करताना विमानाचा टाइप बघून घ्या, आणि वरच्या मजल्यावरची सीट बहुतेक बिझनेस क्लासच्या भावात पडेल.