वाचकांचे प्रश्न: जुन्या जिप्सीचा पुढचा ॲक्सल, सडका पत्रा आणि पाणी शिरलेलं ऑइल

1998 ची जिप्सी किंग आहे. ताशी 60 च्या आसपास एखादा खड्डा लागला की स्टेअरिंग जोरात थरथरतं, वेग उतरवल्याशिवाय थांबत नाही. बॅलन्सिंग दोनदा झालं. आता स्टेअरिंग डॅम्पर बदलायला सांगतात. बदलू का? (एक वाचक, सातारा)

आत्ता नको. डॅम्पर थरथर दाबून ठेवतो, मूळ ढिलाई तशीच राहते आणि थोड्याच दिवसांत नवा डॅम्परही निकामी होतो. जिप्सीत हे दुखणं बहुतेक वेळा किंगपिनच्या (पुढचं चाक ज्या पिनांवर डावी-उजवीकडे वळतं त्यांच्या) बेअरिंगचं असतं.

तपासणी घरी होते. मागच्या चाकांना ओट (अडसर) लावा, पुढचा ॲक्सल जॅकने उचलून स्टँडवर टेकवा. चाक वर आणि खाली धरून आतबाहेर हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्या कुणाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग ढिलं आहे. तसाच राहिला तर किंगपिन. यानंतर चाक डावी-उजवीकडून धरून हलवा. तिथे खेळ असेल तर टायरॉड एंड, म्हणजे दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याचा सांधा बघा.

‘एक शिम काढली की झालं’ असा सल्ला हमखास मिळेल (शिम म्हणजे पिनखाली घालायची पातळ चकती). तो का फसतो ते समजून घ्या. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, त्यामुळे रोलर एकाच जागी आदळत राहतात आणि बाहेरच्या रेसवर (रोलर ज्यात फिरतात त्या कड्यावर) बारीक खाचा पडतात. शिम काढून आवळलं की रोलर त्या खाचांत बसतात. स्टेअरिंग मधोमध अडकतं आणि वळणानंतर आपणहून सरळ होत नाही. म्हणून चारही बेअरिंग रेससकट बदला: दोन्ही बाजूंची, वरची आणि खालची.

वरची पिन वर आणि खालचीच खाली जायला हवी, तिच्या शिमांसकट. काढतानाच खूण करून वेगळ्या डब्यांत ठेवा. जुनी रेस पितळी ड्रिफ्टने (ठोकायच्या दांड्याने) गोल फिरत थोडी थोडी ठोका. एकाच बाजूने ठोकली तर ती तिरकी अडकते. नवी बेअरिंग लिथियम ग्रीसने भरा. पिनचे बोल्ट 20 ते 30 न्यूटन-मीटर आवळा.

आता खरी मोजणी. ॲक्सल शाफ्ट आणि नकलचं (किंगपिनवर चाकासोबत वळणाऱ्या भागाचं) मागचं सील अजून बसवू नका. टायरॉडच्या भोकात ताणकाटा अडकवून ओढा. नकल 1 ते 1.8 किलोच्या ओढीवर हलायला लागली पाहिजे. कमी ओढीवर हलली तर शिम काढा, जास्त लागली तर घाला. हा काटा न वापरता ‘हाताच्या अंदाजाने’ बसवलेलं किंगपिन हेच थरथर परत येण्याचं मोठं कारण आहे.

मागचं सील नवंच घाला. शेवटी टो-इन: दोन्ही टायरांच्या मध्यरेषांतलं अंतर पुढच्या बाजूला मागच्यापेक्षा 2 ते 6 मिमी कमी हवं. पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) आणि त्या चॅसिसला जोडणाऱ्या शॅकलचे बुश फुटले असतील तर तेही याच वेळी बदला. एवढं करून थरथर पूर्ण थांबली की मग डॅम्पर जरूर लावा.

समुद्राजवळ राहतो. पायाखालचा पत्रा दोन जागी सडलाय. फायबर आणि पुट्टी लावून वर रबर कोटिंग मारलं तर चालेल? (एक वाचिका, रत्नागिरी)

चालणार नाही. पुट्टी ओल धरते आणि रबर कोटिंग ती आत कोंडून ठेवतं. वरून काळंभोर नीट दिसतं, खाली गंज दुप्पट वेगाने चालतो.

सीट, मॅट, खालचा फेल्ट सगळं काढा. जाड स्क्रूड्रायव्हरने पत्रा टोचत जा. चकचकीत, टणक धातू लागेपर्यंत कापा. दिसणारं भोक बोटाएवढं असेल तर कापावा लागणारा तुकडा तळहाताएवढा निघतो, दचकू नका. ठिगळासाठी 18 गेजचा, म्हणजे साधारण 1.2 मिमी, सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा घ्या. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) नको: जस्ताचा धूर बाधतो आणि वेल्ड सच्छिद्र होतो. वेल्डिंगआधी बॅटरी सोडा. मागच्या भागाचं काम असेल तर पेट्रोलची टाकी उतरवलीच पाहिजे, यात तडजोड नाही. मिग वेल्डिंगने इंच-इंचभर टाके समोरासमोर घ्या; सलग ओढलं तर पत्रा पापडासारखा वाकतो.

मग दोन्ही बाजूंनी इपॉक्सी प्रायमर, सांध्यांना सीम सीलर, त्यावर रंग. नुसता रेड ऑक्साइड ठेवू नका, तो पाणी शोषतो. चॅसिस पेटीसारखी बंद आहे, आत चिखल साठतो. तिची भोकं तारेने मोकळी करा, आतून पाण्याने धुवा, दोन-तीन दिवस उन्हात सुकवा आणि मगच लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स मारा.

जिप्सी किंगचं इंजिन काढून डिझेल बसवावं म्हणतो. सल्ला द्या. (एक वाचक, जळगाव)

देऊ नका पैसे. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 मुळे परवानगीशिवाय असा बदल करता येत नाही, आणि आरसीवर नोंद नसेल तर विम्याच्या दाव्यातही अडचण येते. शिवाय पुढे जड इंजिन आलं की वरच्या उत्तरातल्या किंगपिनवर भार वाढतो. तुमचं 1298 सीसी इंजिन ओव्हरहॉल करा.

ओढा पार केल्यावर मागच्या डिफरन्शियलचं ऑइल दुधाळ झालं. सील बदलूनही तेच. (एक वाचक, मुळशी)

ब्रीदर, म्हणजे ॲक्सलमधली हवा आत-बाहेर जाण्याची वाट तपासा. तापलेला ॲक्सल गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते. ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर ती ओढ सीलच्या कडेतून पाणी आत खेचते, सील कितीही नवं असो. ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचं तोंड बॉडीत उंच न्या.

ऑइल बदलताना आधी भरण्याचा प्लग सुटतो का ते बघा. खालचा प्लग काढून सगळं सांडल्यावर वरचा अडकला तर गाडी जागीच अडकते. स्वस्त ऑइल भरून 10-15 किमी चालवा, गरम असतानाच काढा, मग 80डब्ल्यू-90 जीएल-5 दर्जाचं गिअर ऑइल भरा: मागे 1.5 लिटर, पुढे 2 लिटर. ट्रान्सफर केसला 0.8 लिटर आणि गिअरबॉक्सला 1.3 लिटर लागतं, पण गिअरबॉक्समध्ये जीएल-4 च घाला. काही जीएल-5 ऑइलमधली रसायनं सिंक्रोच्या (गिअर जुळवणाऱ्या कड्यांच्या) पितळेला खातात. ओढ्यातून आल्यावर प्रत्येक वेळी मागच्या डिफरन्शियलचा खालचा प्लग किंचित ढिला करून पाहिलेलं बरं. पाणी जड असल्याने उभ्या गाडीत तळाशी बसतं, ते आधी बाहेर येतं.