शेजारी, शेज आणि धाबं

नवापूरच्या एका वाचकाने विचारलंय : 'आपल्या शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर' या बायबलातल्या वचनातला शेजारी म्हणजे भिंतीला भिंत लागून राहणारा का? प्रवचनात तिथे 'शेजारधर्म' म्हटलं तर चालेल का?

आधी एक विनंती. हे वचन निघालं की कुणीतरी 'आणि शेजारणीवर?' म्हणून खिदळतोच. पुरे झालं. मराठी बायबलात देवाचीही माणसावर प्रीतीच असते.

शेजारी म्हणजे जवळ राहणारा, हे सांगायला मी कशाला हवा? मौज शब्दाच्या पोटात आहे. संस्कृत शय्या, प्राकृत सेज्जा, मराठी शेज. शेजघर, शेजारती त्याच घरातल्या. कोष्ठागाराचं कोठार झालं, भांडागाराचं भांडार. तसं शय्यागाराचं शेजार, असं माझं ठाम मत. 'सहचर'वरून शेजार आणणाऱ्यांनी एवढंच सांगावं : प्राकृतात 'च' गळून त्याचं 'सहयर' होतं, मग तुमचा 'ज' आला कुठून? वर तेच मला विचारतात, झोपायच्या खोलीचा शेजाऱ्याशी काय संबंध? या मंडळींनी खानदेशातला मे महिना काढलेला दिसत नाही. जुनी घरं धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छपराची. रात्री अंथरुणं वर धाब्यावर, आणि एकाचं धाबं संपतं तिथून दुसऱ्याचं सुरू. ज्याची शेज आपल्या शेजेला लागून, तो शेजारी. सगळं जुळतं!

हं, वचन. ते मूळचं जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकातलं, 19:18. तिथला हिब्रू शब्द 'रेआ', म्हणजे सोबती. शुभवर्तमानातला ग्रीक शब्द 'प्लेसिऑन', म्हणजे जवळचा. लेवीयच्या त्याच अध्यायात 34 व्या ओवीत परदेशीयावरही तशीच प्रीती करायला सांगितलंय, तेव्हा भिंतीची अट पहिल्यापासूनच नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या 10 व्या अध्यायात शास्त्री नेमकं तुमच्यासारखंच विचारतो, 'माझा शेजारी कोण?' उत्तरात येशू यरीहोच्या वाटेवर लुटारूंनी अर्धमेला टाकलेल्या माणसाची गोष्ट सांगतो. याजक बगल देऊन गेला, लेवी म्हणजे मंदिरातला सेवक, तोही गेला. थांबला तो शोमरोनी, ज्याच्या लोकांशी यहुद्यांचं पटत नसे. त्याने जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, रात्रभर सांभाळलं. म्हणजे वाटेत पडलेल्याला शेज दिली! इथे माझी व्युत्पत्ती अक्षरशः नाचायला लागते.

शेजारधर्माचं म्हणाल, तर त्यात देवघेव गृहीत असते; साखरेची वाटी सहसा रिकामी परत येत नाही. शोमरोन्याने उतारशाळेवाल्याला दोन दिनार दिले, वर लागेल तो खर्च परतताना भरतो म्हणाला. प्रवचनात शब्द वापरा खुशाल, पण हे दोन दिनार आधी सांगून.