आधी ओट्याला धरून उभ्या राहा

ताई, तोल सांभाळायचा व्यायाम सुरू करताय, तर पहिल्याच दिवशी एका पायावर उभं राहायला जाऊ नका. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून उभ्या राहा, मागे एक भक्कम खुर्ची ठेवा, चाकांची नको. आधी पावलं जुळवून १० सेकंद. ते जमलं की एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवून, एका रेषेत. मग दोन हातांऐवजी एक हात, पुढे नुसती बोटं, अशी पकड सैल करत न्या. थोडं डगमगायला हवंच, त्यातूनच शरीर सावरायला शिकतं.

मला सगळ्यात उपयोगी पडलं ते हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं. कमोडवरून, पलंगावरून कुणाला हाक न मारता उठता येतं ते मांड्यांच्या बळावर. बसताना धपकन नको, सावकाश.

जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांपुढच्यांना तोल आणि ताकदीचा व्यायाम आठवड्यातून किमान ३ दिवस सुचवते. गुळगुळीत मोजे मात्र काढून ठेवा. चक्कर येत असेल किंवा नुकत्याच पडल्या असाल, तर आधी डॉक्टरांना भेटा आणि चालू गोळ्या दाखवा. रक्तदाबाच्या, झोपेच्या गोळ्यांनीही तोल जाऊ शकतो.