फोनवर हातवारे कशाला?

प्रश्न: आई फोनवर बोलताना पण सारखे हातवारे करते, समोरच्याला दिसत तर नाहीत, मग असं का?

उत्तर: हातवारे फक्त समोरच्यासाठी नसतातच हो. १९९८ मध्ये जाना आयव्हर्सन आणि सुझन गोल्डिन-मेडो या मानसशास्त्रज्ञांनी जन्मांध मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्यांनी कधी कुणाचे हात हलताना पाहिलेच नव्हते ती मुलंसुद्धा बोलताना हातवारे करत होती, आणि ऐकणारा अंध आहे हे माहीत असूनही करत होती, मला तर हे फारच भारी वाटतं. अर्थात सगळंच आपोआप येत नाही, आजी नातवाच्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडते ना, ते घरात बघूनच शिकतो आपण. आईला टोकू नका, बोलू दे मनसोक्त.